चौथी फळी

रविवार, ११ फेब्रुवारी १९९६. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी ठमाबाई मारकड पडली. पाय अनवाणी होते, हातात पाण्याची बादली होती. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी, इंदापूर तालुक्यात, एका दूध संस्थेनं पाहुण्यांसाठी बांधलेल्या घराच्या लाकडी डेकवर, आग्नेय कोपऱ्यात एका फळीचं टोक बोटभर वर आलं होतं. अंगठा त्याला अडला आणि ती कडेवरून खाली दगडांवर गेली. उजवी नडगी दोन ठिकाणी मोडली. बादली डेकवरच राहिली.

साडेअकरा वाजता बारामतीजवळ जळोचीत एका किराणा दुकानातला फोन वाजला. फोन दुकानदाराचा, निरोप शेजारच्या सुतारकामाच्या शेडमध्ये द्यायचा. संस्थेचे सचिव हिंदुराव देवकर पलीकडून एवढंच म्हणाले, "मिस्तरीला सांगा, तुझ्या फळीनं बाई मारली."

बुद्धघोष अहिवळेनं रंधा ठेवला, एम-एटी गाडी काढली. भिगवणमार्गे तिथवर चोपन्न किलोमीटर. पूर्ण रस्ताभर त्याच्या डोक्यात मेलेली बाई होती. कोणती बाई, किती वयाची, तिला मुलं किती, हेही त्याला माहीत नव्हतं. फाटकाशी राखणदार गेणबा उभा होता.

"जिती हाय," गेणबा म्हणाला. "ठमाबाई. नडगी गेली. पर जिती हाय."

बुद्धघोषनं गाडी स्टँडवर लावली. दुसऱ्या खेपेला लागली.

"मग मारली म्हणून कोण म्हणालं?"

"सायेब. रागाच्या भरात म्हणलं आसतील."

"त्यांचा राग त्यांनी फोनवर काढला. माझा कुठं काढू?"

गेणबानं पाण्याकडं बघितलं. उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा चिखल चाळत होता.

त्या डेकची गोष्ट सांगायला हवी. पुण्याच्या आर्किटेक्टनं परदेशी मासिकातलं एक चित्र आणलं होतं. सागवानी फळ्यांचा लांबरुंद ओटा, पाण्याकडं तोंड केलेला, आणि त्यावर खिळ्याचं एकही डोकं नाही. "इथं लोक अनवाणी बसतील. उन्हात खिळा तापतो, पावसात गंजतो, पायात घुसतो. मला वरून काहीही दिसता कामा नये," तो म्हणाला होता. भिगवण, इंदापूर आणि बारामतीच्या तीन सुतारांनी चित्र बघून परत दिलं. बुद्धघोषनं ते घरी नेलं. आठ दिवस त्यानं दुसरं काम घेतलं नाही.

भंगारातून त्यानं दुधाच्या जुन्या टाकीचा स्टेनलेसचा पत्रा आणला आणि त्याच्या चिमट्या कापल्या. चिमटी म्हणजे बोटभर लांबीचा तुकडा, दोन्ही बाजूंना एकेक जीभ. फळीच्या दोन्ही कडांना आतून खाच पाडायची. चिमटी खालच्या वाशावर स्क्रूनं आवळायची, तिची एक जीभ अलीकडच्या फळीच्या खाचेत, दुसरी पलीकडच्या. पुढची फळी सरकवली की स्क्रू झाकला जातो. दोन फळ्यांत चार आण्याच्या नाण्याच्या जाडीची फट ठेवायची, म्हणजे लाकूड पावसात फुगलं तरी एकमेकाला ढकलत नाही. अशा सहाशे चाळीस चिमट्या त्यानं स्वतः कापल्या, स्वतः बसवल्या. डेक पुरा झाला तेव्हा आर्किटेक्ट गुडघ्यांवर बसून फळ्यांवरून तळहात फिरवत राहिला होता.

ह्या कामात एकच गैरसोय होती. मधली फळी सुटी निघत नाही. चौथी काढायची तर आधी कडेची पट्टी, मग पहिली, दुसरी, तिसरी. घाई असलेल्या माणसाला हे पटत नाही.

हिंदुराव व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. पन्नाशीचा माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"या अहिवळे. बघा आपली करामत."

बुद्धघोष चपला काढून डेकवर चढला. पहिल्या फळीवर टाच आपटली. जागची हलली नाही. दुसरी, तिसरी, नाहीच. चौथीवर टाच ठेवताच फळी डळमळीत दगडासारखी डुलली. तिचं टोक उन्हानं वळून वर आलं होतं. तो वाकला.

"हात लावू नका," मागून हिंदुराव म्हणाले. "पुरावा हाय त्यो."

"डोळं लावू का? का त्येबी जमा करून घेताय?"

"चिमट्या कमी घातल्यात तुमी. वरनं दिसत न्हाय म्हणल्यावर घालायच्या कशाला, आसंच ना? झाकलेलं काम. कोण बघतंय?"

बुद्धघोष काही बोलणार तोच त्याला फटीत काहीतरी दिसलं. तिसऱ्या आणि चौथ्या फळीच्या मध्ये हळद लावलेले तांदूळ अडकले होते. चौथ्या-पाचव्याच्या मध्येही. बाकी सगळ्या फटी साफ होत्या.

"हितं काय केलं?" त्यानं विचारलं.

फाटकाकडून आलेला गेणबाच बोलून गेला, "वास्तू ठिवली की. पंचवीस तारखंला, शांतीच्या दिवशी. आग्नेयलाच ठिवावी लागती."

"कुठं?"

"खाली. मातीत."

"ह्या फळीतनं खाली कशी गेली? उडून?"

"गेणबा," हिंदुराव म्हणाले, "चहाचं बघ जा."

गेणबा गेला. चहा मात्र आला नाही.

"फळी उचलली तुमी," बुद्धघोष म्हणाला. "मला बोलावलं का न्हाय?"

हिंदुरावांनी खुर्चीतच बूड सरकवलं. आवाज एकदम मऊ झाला. "आवो, तुमच्यात हे चालत न्हाय. पूजा, होम. उगं तुमचं मन कशाला दुखवायचं? म्हणून न्हाय सांगितलं."

इतका वेळ आवरलेला राग त्या मऊपणानं सुटला. शिवी दिली असती तर त्याला उलट शिवी देता आली असती.

"पूजेला नका बोलवू," तो म्हणाला. "मी आलोबी नसतो. फळी उचलायला बोलवायचं! फळीला काय धर्म हाय? तासाभराचं काम. कडेनं काढली असती, तुमी तुमची वास्तू ठिवली असती, परत आवळून दिली असती, वर पाण्याचा घोटबी मागितला नसता. तुमी टोकाखाली पहार घातली आन् उखडली. खाचंचा खालचा ओठ फुटला, चिमट्या वाकल्या, आन् फळी नुसती वर ठिवून दिली. वरनं दिसत न्हाय म्हणल्यावर बघतंय कोण? हे तुमचंच बोलणं हाय ना आत्ताचं?"

"पहार घातली आसं कोण म्हणतंय?"

"फळी उलटी करा. खालनं पहारीचा वळ दिसंल. दोन मिनटांत निकाल."

"न्हाय व्हायचं." हिंदुराव उठले. "खाली वास्तू हाय. संस्थेच्या अध्यक्षांच्या आईंनी सोताच्या हातानं ठेवलीया. एकदा ठेवलेली वास्तू उघडी पाडायची नसती. म्हातारीचं वय ऐंशी. उद्या त्यांना काय झालं तर? तुमाला त्यातलं काय कळायचं."

मग त्यांनी फाईलमधून एक टाइप केलेला कागद काढला. 'काही ठिकाणी माझ्याकडून चिमट्या बसवायच्या राहून गेल्या', खाली सहीची जागा. पोलिसांत अपघाताची नोंद झाली होती, पण कारणाचा रकाना मोकळा ठेवला होता. संस्थेचा अहवाल गेला की तो भरायचा. सही केली तर 'अनवधान' लिहू, हिंदुराव म्हणाले, प्रकरण इथंच मिटेल. नाही केली तर 'हलगर्जीपणा' लिहावं लागेल, मग खटला.

बुद्धघोषनं कागद दोनदा वाचला. घडी घातली, हिंदुरावांच्या शर्टाच्या खिशात, त्या दोन पेनांच्या मागं, नीट खोवला आणि चपला घालून निघाला.

सोमवारी सकाळी साडेसात वाजता जळोचीच्या घरात त्याच्या बायकोनं, अंजलीनं, केस विंचरता विंचरता सगळं पुन्हा ऐकलं. ती कन्हेरीच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. आठ दहाची एसटी तिला गाठायची होती.

"त्याला म्हणावं, कोर्टात ये," बुद्धघोष म्हणत होता. "म्हणावं, तुझ्या वास्तूला विचार कुणी उखडलं ते. आमची माणसं गावकुसाबाहेर ठिवली, आता आमची चिमटी फळीच्या आत चालंना."

"हे अर्जात लिहायचंय का?"

"लिही."

"नाही लिहिणार." तिनं कंगवा ठेवला, वही ओढली. "हे खरं आहे, पण हे वाचून ते म्हणतील, जातीवर गेला, काम लपवायला. राग तुझ्याजवळ ठेव. मला तारखा दे. शांती कधी, उद्घाटन कधी, फळी कितवी, चिमट्या किती?"

"तुला राग येत न्हाय?"

"मला काल रात्रीपासून भाकर गिळंना," अंजली म्हणाली. "तारीख सांग."

त्यानं सांगितली. पंचवीस जानेवारीला शांती, अठ्ठावीसला उद्घाटन. त्या दिवशी डेकवर सतरंज्या अंथरल्या होत्या. आर्किटेक्टला शाल मिळाली, बुद्धघोषला गर्दीत मागं एक पेढा मिळाला. सतरंजीखालून फळी कशी कळणार? त्याचे वडील धोंडीबा दारातच बसून होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याच्या उसात पाणी धरलं होतं.

"लेका, सही करून मोकळा हो," ते म्हणाले. "अनवधान म्हंत्यात ना? अनवधानाला कुठं फाशी हाय?"

"आबा, मी शेडवर पाटी लावलीया. 'अहिवळे सुतारकाम'. वस्तीतली पहिली. ह्या कागदावर सही केली की ती पाटी मीच उतरवली म्हणायची. पुन्हा आपल्या वस्तीतल्या पोराच्या हातात कोण घराचं दार दील?"

अंजलीनं अर्जाच्या शेवटी मागणी एकच लिहिली. अहवाल देण्यापूर्वी सर्वांसमक्ष चौथी फळी काढून तिची खालची बाजू बघावी. मग ती एसटीला पळाली.

मंगळवारी दुपारी तो इंदापूरच्या दवाखान्यात गेला. ठमाबाईचा पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला होता. पन्नाशीची काटक बाई, कपाळावर गोंदण, डोळे जागे. त्यानं संत्री ठेवली आणि कॉटपाशी उभा राहिला.

"तू व्हय त्यो फळीवाला?" ती म्हणाली. "ये, बस की. मी काय चावत न्हाय. चावाया उठाया लागतं."

"मावशी, माझ्या कामानं—"

"तुझ्या कामावरनं मी पंधरा दीस झाडू मारला. एक काडी आडकली न्हाय पायाला. त्या वट्यावर झाडायचं म्हंजी भाकरीच्या तव्यावरनं हात फिरवल्यागत." तिनं संत्रं उचलून वास घेतला. "काल हिंदुराव आलतं. कागूद घेऊन. म्हणलं आंगठा दे. म्या म्हणलं, पाय मोडलाय माझा, आंगठा धड हाय. त्यो अजून मला लागतूय."

बुद्धघोष खाली बसला. "कागदात काय हुतं?"

"मला काय वाचाया येतंय? म्हणून तर दिला न्हाय." ती थांबली. "शांतीच्या दिवशी म्या भांडी घाशीत हुते मागल्या अंगाला. बामण वरडत हुता, मुहूर्त चालला, मुहूर्त चालला. आन् मग कडाकडा आवाज झाला. म्या बघाया गेले तर गेणबा पहारीवर वाकल्याला. हिंदुराव म्हणत हुतं, हाण, काय हुत न्हाय."

बुद्धघोषला वाटलं, छातीवरचा वासा कुणीतरी उचलला.

"मावशी, हे सांगशील?"

"इचारलं तर सांगीन."

"कुणी विचारलं?"

"कुणीबी न्हाय," ठमाबाई म्हणाली. "पोलीस आला, मला म्हणाला, कुठनं पडलीस? वट्यावरनं, म्हणलं. लिहून गेला. दुसरं काय इचारलंच न्हाय. आता मी काय कॉटवरनं वरडू? आरं, दवाखान्याला पैसं त्येच देत्यात. कामावर त्येच घेत्यात. इचारल्याबिगर सांगाया गेले तर म्हंतील, म्हातारीला फूस लावली. मला कुणीतरी सायबानं इचारलं पायजे. तू न्हाय."

परत निघताना तो दवाखान्याच्या पायरीवर थोडा वेळ बसला. ती खरं बोलत होती. जगात जेवढं खरं असतं तेवढ्याला कुणीतरी साहेबानं विचारावं लागतं, ह्याचा त्याला एवढा संताप आला की मुठीतली किल्ली तळव्यात रुतलेली त्याला गाडीशी आल्यावर कळली.

बुधवारी, १४ तारखेला, सकाळी नऊला पुन्हा दुकानात फोन आला. ह्या वेळी गेणबाचा, भिगवणच्या बूथवरून. आवाज दबलेला. "इंदापूरचा सुतार आलाय. तीन इंची खिळं आणल्यात. समद्या फळ्यांस्नी वरनं ठोकणार हाय." फोन बंद झाला.

तो पोहोचला तेव्हा सव्वादहा वाजले होते. फाटकातूनच हातोड्याचा आवाज येत होता. घराच्या बाजूनं सुरुवात झाली होती. सागवानाच्या गुळगुळीत पाठीवर अकरा डोकी उठली होती, काळी, वाकडीतिकडी. दोन ठिकाणी लाकूड चिरलं होतं. जोतीराम नावाचा सुतार तोंडात खिळे धरून बारावा ठोकायला वाकला होता.

बुद्धघोष सरळ आग्नेय कोपऱ्यात गेला आणि चौथ्या फळीवर मांडी घालून बसला.

"उठा," हिंदुराव व्हरांड्यातून म्हणाले.

"खिळं माझ्या मांडीतनं ठोका."

"नाटकं करू नका. डेक पक्का करायला नको? उद्या आणखी एखादी बाई पडंल."

"तिच्या जिवाची काळजी हाय तर तिला दवाखान्यात विचारा काय झालं ते. तुमाला डेक पक्का करायचा न्हाय. फळी कायमची बंद करायचीया. आज वरनं खिळा गेला की उद्या फळी काढताना ती फुटणार, खाच फुटणार, आन् तुमी म्हणणार, बघा, फुटकीच हुती."

जोतीरामनं तोंडातले खिळे हातात घेतले. "काय भानगड हाय, सायेब? मला म्हणलं, फळ्या सैल हायत्या. अकरा खिळं ठोकलं, एक फळी सैल न्हाय लागली. हातोडा उलटा उडतूय."

"तुला हजेरी ठोकायची हाय, बोलायची न्हाय."

"मग ह्येनला उठवा आधी. माणसात खिळा मारायची हजेरी येगळी."

गेणबा हसला आणि लगेच खोकला.

साडेअकराला संस्थेचा ओव्हरसियर इंद्रजित घोगरे जीपनं आला. हिंदुरावांनीच फोन करून बोलावलं होतं, बसलेल्या माणसाला उठवायला. सव्वीस वर्षांचा मुलगा, डिप्लोमा झालेला, अहवाल त्यालाच लिहायचा होता. बुद्धघोषनं बसल्या जागेवरूनच अंजलीचा अर्ज त्याच्या हातात दिला. त्यानं उभ्यानं वाचला, मग पुन्हा वाचला. त्यात एकही कडू शब्द नव्हता. झिडकारायला काही कारण सापडेना.

"कडेनं तीन फळ्या काढायला काय हरकत आहे?" तो हिंदुरावांना म्हणाला. "वास्तू चौथीखाली आहे. पहिल्या तिन्हींखाली नाही."

हिंदुराव व्हरांड्यातल्या खुर्चीत जाऊन बसले.

कडेची पट्टी बुद्धघोषनं काढली. पहिली फळी निघाली. दुसरी काढताना जोतीराम न सांगता पलीकडचं टोक धरायला आला. चिमटी बघून तो उकिडवा बसला, नखानं तिची जीभ दाबून बघितली.

"आयला," तो म्हणाला. "हे कुणी केलं?"

"मीच."

"आन् मला ह्येच्यावर खिळं ठोकाया लावलं?" त्यानं हिंदुरावांकडं बघितलं, थुंकायला तोंड वळवलं, आणि डेकवर थुंकू नये म्हणून गिळलं.

साडेबारापर्यंत तिन्ही फळ्या उलट्या करून ठेवल्या होत्या. चार वाशांवर चिमट्या सोळा. एका वाशावरही कमी नव्हती. इंद्रजितनं त्या दोनदा मोजल्या. शेवटच्या चार चिमट्या तिसऱ्या आणि चौथ्या फळीच्या मधल्या होत्या. त्यांच्या तिसरीकडच्या जिभा सपाट, कापल्या त्या दिवसासारख्या. चौथीकडच्या चारही जिभा वर उभ्या झालेल्या. चौथ्या फळीच्या कडेला खाचेचा खालचा ओठ हातभर फुटला होता, आणि फुटलेलं लाकूड आतून ताजं, मधाच्या रंगाचं.

"बघा सायेब," बुद्धघोष म्हणाला. आता त्याचा आवाज चढला नाही. "एकाच पत्र्याच्या दोन जिभा. एक आडवी, एक उभी. उन्हानं झालं म्हणाल तर ऊन दोन्हींना सारखंच लागलं. आन् ऊन लाकूड वाकवतं, पत्रा उभा करत न्हाय. खालनं जोर आलाय. आता फळी उचला, वळ बघा, आन् घरी जाऊ."

त्यानं फळीच्या टोकाखाली हात घातला. नुसत्या हातानं ती उचलली जाणार होती.

"थांबा!" हिंदुराव धावत आले, पहिल्यांदाच डेकवर. "अध्यक्षांना विचारल्याबिगर न्हाय. वास्तू उघडी पडंल. आन् त्यातनं तुमच्या हातानं—"

पाण्याकडून वारा येत होता.

"बोला की पुरं," बुद्धघोष म्हणाला. त्यानं हात काढला नव्हता. "माझ्या हातानं काय? ह्या हातानं सहाशे चाळीस चिमट्या आवळल्या. ह्या फळीला मीच रंधा मारला, मीच तेल पाजलं. अध्यक्षांच्या आई हितं बसल्या तवा त्यांच्या खाली माझा हातच हुता. तवा काय बाटलं न्हाय. खाली बघायचं म्हणलं की बाटतंय?"

इंद्रजित आत जाऊन फोन करून आला. त्याला वीस मिनिटं लागली. बाहेर आला तेव्हा तो बुद्धघोषकडं बघत नव्हता.

"गुरुजींशी बोलून ठरवू, अध्यक्ष म्हणाले. पुन्हा शांती करावी लागते म्हणे. होळीनंतर मुहूर्त निघेल. तोवर चौथी जशी आहे तशी." मग घाईनं म्हणाला, "खिळेही ठोकायचे नाहीत. मी सील करतो."

त्यानं फळीच्या दोन्ही टोकांना कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, वर सही केली. मग गुडघ्यावर पॅड घेऊन पंचनामा लिहू लागला. बुद्धघोष त्याच्या खांद्यामागं उभा राहून वाचत होता. 'तीन फळ्या काढल्या. चिमट्या सोळा, संख्या पूर्ण. पैकी चार चिमट्यांची स्थिती : वाकलेल्या.'

"कुठल्या बाजूला?" बुद्धघोषनं विचारलं.

पेन थांबलं.

"वाकलेल्या म्हणजे माझा पत्रा कच्चा हुता असंबी वाचता येतंय. कुठल्या बाजूला ते लिहा. वर. फक्त चौथीकडं. तुमीच बघितलंय."

"अहिवळे, हा प्राथमिक पंचनामा आहे."

"प्राथमिक डोळ्यानं तुमाला काय दिसलं?"

हिंदुराव इंद्रजितच्या दुसऱ्या खांद्याशी येऊन उभे राहिले. इंद्रजितनं 'वाकलेल्या' ह्या शब्दापुढं इंचभर जागा सोडली आणि खालच्या ओळीवर तारीख टाकली.

"घोगरे सायेब," बुद्धघोष म्हणाला, "ठमाबाईला विचारा. इंदापूरच्या दवाखान्यात हाय. तिला कुणीबी विचारलेलं न्हाय. ती वाट बघतीया."

"बघतो," इंद्रजित म्हणाला.

जोतीरामनं पंच म्हणून सही केली. गेणबानं अंगठा दिला, पण त्याला पहारीबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, मी त्या दिवशी फाटकावर होतो. हे बोलताना तो बुद्धघोषकडं बघत होता. बुद्धघोष त्याच्या अंगावर धावून गेला. जोतीरामनं त्याला मागून कव घालून धरलं.

"सोडा मला. ह्यानंच फोन केला सकाळी! ह्यानंच!"

"आसू दे," जोतीराम त्याच्या कानात म्हणाला. "फोन केला त्यो त्येच्या पोटातला माणूस. ह्यो पगारातला हाय. मारून कुठला मरायचा?"

बुद्धघोषनं अंजलीच्या अर्जाची दुसरी प्रत सोमवारी, १९ फेब्रुवारीला, रजिस्टर पोस्टानं अध्यक्षांना पाठवली. पोहोचपावती शुक्रवारी परत आली, सही हिंदुरावांची. सोमवारी, २६ तारखेला, तो पोलीस ठाण्यात गेला. हवालदारानं वही उघडून दाखवली. कारणाचा रकाना मोकळा होता. संस्थेचा अहवाल आलेला नाही, हवालदार म्हणाला. बुद्धघोषनं विचारलं, तोवर तुम्ही त्या बाईला विचारणार का? जबाब झालाय तिचा, हवालदार म्हणाला, आणि वहीतलं वाक्य वाचून दाखवलं, 'ओट्यावरून पडले.'

बुधवारी, २८ तारखेला, ठमाबाईला दवाखान्यातून तिच्या भावाच्या बैलगाडीनं गावी नेलं. तिच्याकडं कोणी साहेब आला नव्हता.

गुरुवारी, २९ फेब्रुवारीला, दुपारी चार वाजता बुद्धघोषनं फाटकाबाहेरून डेक बघितला. फाटकाला नवं कुलूप होतं, गेणबा रजेवर होता. तीन फळ्या उलट्या पडल्या होत्या. चौथी जागेवर होती, तिचं टोक आणखी थोडं वर आलं होतं, आणि सीलची एक पट्टी सुटून वाऱ्यावर हलत होती. ती उन्हानं सुटली की कुणी सोडवली, हे फाटकाबाहेरून कळत नव्हतं. इंद्रजितच्या कार्यालयात त्यानं फोन केला. साहेब फिरतीवर आहेत, अहवाल टाइप होतोय, एवढंच पलीकडून सांगण्यात आलं. 'वाकलेल्या' ह्या शब्दापुढं काही लिहिलं गेलं की नाही, हे त्यानं विचारलं. फोन उचलणाऱ्याला ते माहीत नव्हतं.